लांबच्या दुखण्यांत औषध पुरतें घेण्याविषयीं

कांहीं दुखणीं वळवाच्या पावसासारखीं येऊन जातात. ताप येतो, दोन दिवस गोळी घेतली म्हणजे उतरतो आणि मनुष्य पुन्हां कामास लागतो. अशा दुखण्यांत औषध कसें घ्यावें हें कोणास शिकवावें लागत नाहीं. कारण अंग दुखतें तोंवर घ्यावें व दुखणें राहिलें म्हणजे सोडावें, हा नियम सर्वांस ठाऊक आहे. परंतु दुसऱ्या प्रकारचीं दुखणीं आहेत, त्यांस हाच नियम लावणें म्हणजे रोग्याचा घात करणें होय. क्षयरोग, कुष्ठरोग, मधुमेह, मिरगी, आणि ज्यास आपल्या खेड्यांत ‘बीपी’ म्हणतात तो रक्तदाब, हीं त्यांपैकीं होत. ह्यांत दुखणें वाटेनासें झालें तरी औषध चालूंच ठेवावें लागतें; कित्येकांत तर मुळीं दुखतच नाहीं. आमच्या धाराशिव जिल्ह्यांत पूर्वीं औषध मिळालें नाहीं म्हणून माणसें मरत. आतां औषध घरच्या कोनाड्यांत ठेवलेलें असतां माणूस लुळा पडतो, हें पाहण्याची पाळी येते. म्हणून गांवोगांवच्या उपदेशकांस व मंडळींतील लिहितांवाचतां येणाऱ्या भाऊबहिणींस ह्या विषयाचा एक धडा द्यावा असें आम्हीं योजिलें आहे.

कोणी म्हणेल कीं, खेड्यांतील लोक अडाणी, म्हणून असें होतें. हें खरें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २००३ सालीं ह्याच विषयावर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत असें दाखविलें आहे कीं, सुधारलेल्या व श्रीमंत देशांतही लांबच्या दुखण्याचे रोगी सरासरीनें शेंकडा पन्नासच औषधाचा नेम पाळतात. शाळा शिकलेला, मोटारींत बसणारा साहेबही गोळ्यांची डबी टेबलावर विसरून जातो. ह्यांत मोठा भाग मनुष्यस्वभावाचा आहे, आणि आम्हांस वाटतें कीं, थोडा भाग आपल्या सांगण्याच्या रीतीचाही आहे.

क्षयाची गोष्ट आधीं घेऊं, कारण ती आपल्याकडे सर्वांत अधिक लागू पडते. ह्या रोगाचे जंतू रॉबर्ट कॉख नांवाच्या जर्मन डॉक्टरानें दाखविले, ता. २४ मार्च १८८२ रोजीं. परंतु शत्रू ओळखला तरी त्यास मारण्याचें शस्त्र पुढें साठ वर्षें कोणाच्या हातीं आलें नाहीं. तोंवर चांगली हवा, दूध, अंडीं व विश्रांती एवढाच उपाय होता. मिरजेजवळील वानलेसवाडीचें आरोग्यधाम अशाच उपचारांकरितां प्रसिद्धीस आलें. मग १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसीन सांपडलें, १९५२ सालीं आयसोनियाझिडची गोळी आली, आणि प्रश्न असा उभा राहिला कीं, ज्या देशांत रोगी लाखांनीं मोजावे व खाटा शेंकड्यांनीं, तेथें करावें काय?

ह्याचें उत्तर आपल्याच देशानें दिलें. १९५६ सालीं मद्रास शहरीं डॉक्टरांनीं एक परीक्षा आरंभिली. गरीब रोग्यांचे दोन भाग केले. एका भागास वर्षभर आरोग्यधामांत ठेवून विश्रांती व चांगलें अन्न दिलें. दुसऱ्या भागास त्यांच्या दाटीच्या घरींच तीं औषधें दिलीं. १९५९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हां पुष्कळांस आश्चर्य वाटलें. अपुरें खाऊन, श्रम करून, घरींच औषध घेतलेले रोगी आरोग्यधामांतल्या रोग्यांइतकेच बरे झाले होते, आणि त्यांच्यामुळें घरच्या मुलाबाळांस अधिक लागण झाली नव्हती. खाटेनें नव्हे, गोळीनें रोग बरा होतो हें त्या दिवसापासून ठरलें.

परंतु त्याच डॉक्टरांस दुसरी एक गोष्ट आढळली, ती वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावी. ते न कळवितां रोग्याच्या घरीं जात, उरलेल्या गोळ्या मोजीत, लघवी तपाशीत. आणि ‘रोज घेतों’ असें म्हणणारे कित्येक रोगी रोज घेत नाहींत असें दिसून येई. हे रोगी लबाड होते असें म्हणवत नाहीं. त्यांस बरें वाटूं लागलें होतें, एवढेंच. रोग्यानें औषध विश्वासू माणसाच्या डोळ्यांदेखत घ्यावें, हा नियम त्या अनुभवांतून निघाला. आणि १९९७ पासून भारत सरकारनें जो सुधारलेला क्षयनिवारण कार्यक्रम चालविला त्याचा तो पाया झाला. प्रथम ह्या गोळ्या आठवड्यांतून तीन वेळां देत असत. २०१७ पासून त्या रोज, रोग्याच्या वजनाप्रमाणें देतात. साध्या क्षयास पहिले दोन महिने चार औषधें व पुढील चार महिने तीन औषधें, असा सहा महिन्यांचा क्रम आहे. सरकारी दवाखान्यांत हें सर्व फुकट मिळतें.

आतां सहा महिनेच कां, तीन कां नाहींत? हा प्रश्न रोगी विचारतोच, आणि ‘डॉक्टर म्हणतात म्हणून’ हें उत्तर त्यास पुरत नाहीं. शेतकऱ्यास शेताच्या भाषेंत सांगावें. हरळी माजलेल्या रानांत एक पाळी घातली म्हणजे वरचें हिरवें नाहींसें होतें, रान स्वच्छ दिसतें. पण गड्डे जमिनींत तसेच असतात, आणि पहिल्या पावसाबरोबर हरळी पुन्हां वर येते. क्षयाचे बहुतेक जंतू पहिल्या कांहीं आठवड्यांतच मरतात. खोकला थांबतो, भूक लागते, अंगावर मांस येतें. परंतु थोडे जंतू निजल्यासारखे पडून राहतात. औषध जागत्या जंतूंस लवकर मारतें. निजलेल्यांस गांठावयास महिने लागतात. म्हणून शेवटच्या चार महिन्यांच्या गोळ्या गड्ड्यांसाठीं आहेत.

आणि अर्ध्यावर सोडलें तर रोग नुसता परत येतो असें नाहीं, तो अधिक दांडगा होऊन येतो. हेंही आपल्या शेतकऱ्यास ठाऊक असलेल्या गोष्टीवरून सांगतां येतें. हरभऱ्यावरची घाटेअळी एके काळीं ज्या फवाऱ्यानें पटापट मरे, त्यास ती आज जुमानीत नाहीं. कांहीं थोड्या अळ्या जन्मतःच त्या विषास दाद न देणाऱ्या होत्या. बाकीच्या मेल्या, ह्या वांचल्या, आणि पुढचें सगळें बियाणें त्यांचें झालें. क्षयाच्या कोट्यवधि जंतूंतही एखाद्या औषधास दाद न देणारे थोडे असतात. एकास न जुमानणारा दुसऱ्या औषधानें मरावा म्हणून चार औषधें एकत्र देतात. रोगी कधीं घेतो, कधीं चुकवितो, चारांतली एक गोळी ‘उष्ण पडते’ म्हणून टाकतो, तेव्हां तो आपल्याच छातींत दांडग्या जंतूंचें बियाणें राखतो. मग साधीं औषधें चालत नाहींत. अशा रोग्यांस पूर्वीं दीड-दोन वर्षें औषध घ्यावें लागे, त्यांत कित्येक महिने सुया टोंचाव्या लागत आणि त्या सुयांनीं कित्येकांचे कान गेले. २०२४ सालीं आपल्या सरकारनें नवीन औषधांचा सहा महिन्यांचा क्रम मान्य केला आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु तींही औषधें अर्धवट घेतलीं तर त्यांच्या मागें काय उरेल? आणि असा दांडगा रोग खोकल्यावाटे मांडीवरच्या नातवास लागतो तेव्हां त्यास आरंभापासूनच दांडगा रोग होतो. आजोबांनीं गोळ्या सोडल्या ह्यांत त्या लेंकराचा काय अपराध?

आपल्या जिल्ह्यांत ह्या सहा महिन्यांच्या आड येणारी मोठी गोष्ट म्हणजे ऊसतोडी. भूम, परांडा, वाशी, कळंब ह्या भागांतून दसरा-दिवाळी झाली म्हणजे टोळ्या निघतात, त्या पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत कारखान्यांच्या फडांवर जातात, आणि पाडव्याच्या सुमारास परततात. ज्यास श्रावणांत गोळ्या सुरू झाल्या त्याचे सहा महिने माघांत पुरे व्हावयाचे. म्हणजे मधला अर्धा काळ तो फडावर. मुकादमाची उचल अंगावर असते, पहाटे अंधारांत कोयता हातीं घ्यावा लागतो, आणि दवाखान्यास गेलें तर खाडा पडतो. खाड्याचा दंड त्यास लगेच दिसतो. गोळीच्या खाड्याचा दंड दोन वर्षांनीं दिसतो. मनुष्य कोणत्या खाड्यास अधिक भिईल हें सांगावयास नको. अशा माणसास ‘तूं बेफिकीर आहेस’ म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

येथें उपदेशकास खरें काम आहे. टोळी निघण्यापूर्वीं निदान आठ दिवस आधीं त्या रोग्याबरोबर आरोग्य केंद्रांत जावें आणि तो कोणत्या तालुक्यांत, कोणत्या कारखान्यावर जाणार हें तेथें सांगावें. प्रत्येक क्षयरोग्याची नोंद ‘निक्षय’ नांवाच्या सरकारी यादींत असते. त्या नोंदीवरून दुसऱ्या जिल्ह्यांतच नव्हे, दुसऱ्या राज्यांतही त्याचें औषध पुढें चालूं ठेवतां येतें. रोग्यानें आपला कागद पिशवींत जपून न्यावा, आणि त्या क्रमांकाची एक नक्कल घरीं ठेवावी. कारण कोपींत आग लागते, पाणी शिरतें, कागद जातो. ह्याच नोंदीवर रोग्यास पोषणाकरितां सरकारकडून पैसे मिळतात. ते २०१८ च्या एप्रिलपासून महिना पांचशें रुपये होते, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार रुपये झाले आहेत. हे पैसे बँकेच्या खात्यांत येतात. खातें नाहीं म्हणून ते अडून राहिले असतील तर तें उघडून देणें हेंही औषध देण्यासारखेंच आहे.

रोगी गोळी कां सोडतो ह्याचें दुसरें कारण भय. रिफाम्पिसीन नांवाच्या औषधानें लघवी तांबूस-नारिंगी होते. ज्यास हें आधीं सांगितलें नाहीं, तो पहिल्याच दिवशीं ‘रक्त पडलें’ असें समजून गोळ्या उकिरड्यावर टाकतो. आधीं सांगितलें तर तोच मनुष्य हंसून म्हणतो कीं, औषध अंगास लागत आहे. एवढें अंतर एका वाक्यानें पडतें! मळमळ झाली, सांधे दुखले, हातापायांस मुंग्या आल्या, तर गोळ्या न सोडतां दवाखान्यांत सांगावें; त्यांवर उपाय आहेत. परंतु डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना अगदीं गेली व ओकाऱ्या थांबेनात, किंवा दृष्टि मंद झाली, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें, उद्यांवर टाकूं नये. स्त्रियांस आणखी एक गोष्ट एकांतांत सांगितली पाहिजे, ती ही कीं, रिफाम्पिसीन चालूं असतां गर्भनिरोधक गोळ्यांचा गुण कमी होतो. ही गोष्ट नर्सबाईंनीं किंवा आशाताईंनीं सांगावी हें बरें.

कुष्ठरोगाचा इतिहासही हाच धडा देतो. डॅप्सोनची एकच गोळी वर्षानुवर्षें देत गेले, आणि तिला न जुमानणारे जंतू निपजले. म्हणून १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या पंडितांनीं अनेक औषधें एकत्र देण्याची रीत ठरविली, आणि आपल्या देशांत ती ज्या जिल्ह्यांत प्रथम चालविली त्यांत महाराष्ट्रांतील वर्धा होता. त्या औषधांची पट्टीच महिन्याची असते. महिन्याचा पहिला डोस देणाऱ्याच्या समोर घ्यावयाचा व बाकीचे घरीं. रोगाच्या प्रकाराप्रमाणें सहा किंवा बारा महिने. त्यांतील एका औषधानें कातडी काळवंडते, ती औषध संपल्यावर हळूहळू पूर्ववत् होते. हेंही आधींच सांगून ठेवावें, विशेषतः लग्नाच्या मुलींस.

मधुमेह व रक्तदाब ह्यांची गोष्ट निराळी आहे. येथें सहा महिन्यांनीं सुटका नाहीं. बहुतेकांस जन्मभर औषध घ्यावें लागतें, आणि रोग्यास तर कांहींच होत नसतें. ‘बीपी तपासला, बरोबर निघाला, म्हणून गोळी बंद केली’ असें वाक्य आपण किती वेळां ऐकतों! तो बरोबर निघाला तो गोळीमुळेंच. विहिरीवरची मोट थांबविली म्हणजे पाटाचें पाणीही थांबतें. मग एके दिवशीं बैलगाडी हांकतां हांकतां तोंड वाकडें होतें, हात गळतो, आणि कर्ता पुरुष खाटेवर पडतो. २०१७ च्या नोव्हेंबरांत सरकारनें रक्तदाबाचा जो उपक्रम सुरू केला त्यांत महाराष्ट्रांतून आरंभीं सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा हे जिल्हे होते. तेथील रीत साधी होती: ठरलेलीं थोडींच औषधें, महिन्याच्या गोळ्या एकदम, त्याही घराजवळच्या केंद्रांत, आणि जो ठरल्या दिवशीं आला नाहीं त्याची विचारपूस. ही शेवटची गोष्ट करण्यास गांवच्या उपदेशकाहून योग्य कोण?

ज्यास दुखत नाहीं त्यास आपले लोक समजावून घेणारच नाहींत, असें कोणी म्हणेल तर आमच्या जिल्ह्याचाच दाखला आहे. १९९९ पासून येथील बावन्न ग्रामसमूहांतील तीस ते एकोणसाठ वर्षांच्या एक लक्ष एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक मोठी परीक्षा झाली. तींत बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाची मंडळी होती. कांहीं समूहांतल्या स्त्रियांची एकदांच एचपीव्ही विषाणूची तपासणी केली, आणि पुढें आठ वर्षें पाहिलें, तों त्या समूहांत ह्या कर्करोगानें होणारे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ सालीं हा निकाल जगभर वाचला गेला. ज्यांस कांहीं दुखत नव्हतें अशा ह्या आपल्या शेतांत खुरपणाऱ्या आयाबहिणी. त्यांस बायांनींच घरोघर जाऊन समजाविलें, आणि त्या आल्या. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननें ज्या गांवच्या स्त्रियांस शिकवून ‘भारतवैद्य’ केलें, त्यांचेंही काम हेंच सांगतें.

मधुमेह्यांविषयीं एक स्थानिक सूचना. नवरात्रांत तुळजापूरच्या ह्या मुलखांत नऊ दिवसांचे उपास घरोघर असतात, आपल्या शेजाऱ्यांत व सोयऱ्यांतही. साखर उतरविणारी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामें ठेवलें तर घाम सुटतो, हातपाय कांपतात, मनुष्य बेशुद्धही पडतो. रमझानचे रोजे धरणाऱ्या मधुमेह्यांसही हेंच. उपासाच्या आधींच डॉक्टरांस विचारून गोळी कमी करावी कीं वेळ बदलावी हें ठरवावें. आपल्या मनानें गोळीही सोडूं नये व उपासही करूं नये. असें कोणी कांपूं लागलें आणि शुद्धीवर असलें तर लगेच साखर किंवा गूळ द्यावा. शुद्ध गेली असेल तर तोंडांत कांहीं घालूं नये, दवाखान्यांत न्यावें. ज्यांच्या घरीं थंड पेटी नाहीं त्यांनीं इन्सुलिनची बाटली पाणी न शिरेल अशी डबींत घालून ओल्या वाळूच्या मडक्यांत सावलीस ठेवावी. मिरगीवाल्याचें औषध तर एकाएकीं कधींच थांबवूं नये; तसें केल्यानें झटक्यांवर झटके येऊन जीव जाऊं शकतो.

आतां बोलावें कसें, हें सांगतों. ‘गोळी घेतां ना?’ असें विचारूं नये. ह्या प्रश्नाला एकच उत्तर असतें, तें म्हणजे ‘हो, घेतों’. त्यापेक्षां असें विचारावें: “काकू, रोज लक्षांत राहणें कोणासही कठीण. ह्या आठवड्यांत किती खाडे पडले?” मग काकू म्हणतील, “दोन पडले मास्तर. बाजारच्या दिवशीं भाकरी न खातांच निघालें.” येथें रागावूं नये. “बरें झालें सांगितलेंत. मग बाजारच्या दिवशीं काय करूं या?” असें विचारून वाट त्यांच्याच तोंडून काढावी, आपण दिलेली वाट त्या चालतीलच असें नाहीं, स्वतः काढलेली बहुधा चालतात. मुलांस पाठ शिकविल्यावर आपण तो त्यांच्याकडून म्हणवून घेतों, तसें रोग्यासही शेवटीं विचारावें कीं, “घरीं गेल्यावर सूनबाईस कसें सांगाल?” तो उलटसुलट सांगूं लागला तर आपलें सांगणें चुकलें असें समजावें. वाचतां न येणाऱ्यांकरितां सकाळच्या पाकिटावर सूर्य व रात्रीच्या पाकिटावर चंद्र काढून द्यावा. गोळी एखाद्या न चुकणाऱ्या कामास बांधावी. कोणाची पहाटेच्या चहास, कोणाची रात्रीच्या भाकरीस. विसरल्यास दुसऱ्या दिवशीं दोन एकदम घेऊं नयेत. दुकान बदललें म्हणजे गोळीचें नांव व रंग बदलतो, आणि मनुष्य जुनी-नवी दोन्ही घेत बसतो. ठळक नांवाखालीं औषधाचें जें बारीक नांव छापलेलें असतें तें पाहून द्यावें.

आणखी दोन गोष्टी विशेषेंकरून उपदेशकांसाठीं. प्रार्थनासभेंत रोग्याचें नांव व रोग त्याच्या परवानगीवांचून उच्चारूं नये. नवी सून क्षयाच्या गोळ्या सासूपासून लपवीत असते. माहेरीं धाडतील हें भय तिला असतें, आणि गोळी लपवावी लागते तेथें ती चुकतेही. तिच्या संमतीनें आधीं नवऱ्यास, मग सासूस समजवावें कीं, औषध नीट चालूं झाल्यावर थोड्याच आठवड्यांत लागण होण्याचें भय बहुतेक जातें, आणि घरांतील बाकीच्यांनींही तपासून घेतलें पाहिजे. दुसरें असें कीं, ‘प्रार्थना झाली, आतां गोळी घेणें म्हणजे अविश्वास’ असें कोणी म्हणूं लागला तर गप्प बसूं नये. देवऋषीच्या अंगाऱ्यासाठीं इन्सुलिन सोडणारा आणि हा, दोघांचाही शेवट एकाच खाटेवर होतो. रोज दोन्ही करावींत, प्रार्थना व गोळी. डोस वाढविणें, घटविणें किंवा थांबविणें हें मात्र आपलें काम नव्हे. ‘आतां पुरे झालें’ हें वाक्य डॉक्टरांनींच म्हणावें.

एखाद्याचें औषध तुटलेंच, तर लाजेनें तो दवाखान्यास तोंड दाखवीत नाहीं. अशा वेळीं आपण त्याच्याबरोबर जावें. क्षयाचें औषध महिनाभर किंवा अधिक तुटलें असेल तर थुंकी पुन्हां तपासून पुढचें ठरवितात, म्हणून उरलेल्या जुन्या गोळ्या घरींच पुन्हां सुरू करूं नयेत. आणि ज्याचे सहा महिने पुरे झाले त्यानें शेवटची पट्टी रिकामी झाल्यावरही थुंकी देऊन यावें, व पुढें दोन वर्षें दर सहा महिन्यांनीं तपासणीस जात राहावें. ह्या चार तारखा रोग्याच्या घरच्या दिनदर्शिकेवर त्याच दिवशीं लिहून द्याव्या. त्यांपैकीं एखादी उसाच्या हंगामांत येत असेल तर ती निराळ्या शाईनें लिहावी.